घट उठेपर्यंत

एक

"ह्या कागदावर मी सही नाही करत, जी. पोलिसांना बोलवा, नाहीतर पेपरात छापा."

सप्तपर्ण वधू-वर केंद्राच्या वाघोलीच्या नव्या ऑफिसात मी पाऊल टाकलं आणि कानावर पहिलं वाक्य हे आलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. खाली मान घालून उभी राहणारी माणसं मला बघवत नाहीत.

बोलत होती रुपाली, मुलींच्या विभागाची ऑपरेटर. यवतमाळकडची, तीन वर्षांपासून इथे कामाला. तिच्यासमोर टेबलाच्या पलीकडे केंद्राच्या मालकीणबाई मंदाकिनीबाई आणि त्यांच्या खुर्चीमागे त्यांचा भाचा सलिल. सलिल म्हणजे केंद्राचा कॉम्प्युटर इंजिनिअर. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

"आलात? बसा," मंदाकिनीबाई मला म्हणाल्या. "तुमचा प्रोग्राम, तुमचीच जबाबदारी. ह्या मुलीने काय घोळ घातलाय तो बघा."

प्रोग्राम माझा होता हे खरं. मी सत्यशीला. शनिवारवाड्यामागे दोन खोल्यांत माझं छोटं दुकान आहे. लोकांना डेटाबेस बांधून देते, बिघडले तर दुरुस्त करते, आणि गिऱ्हाइकाचं चुकलं तर तोंडावर सांगते. त्यामुळे गिऱ्हाइकं फार नाहीत.

घोळ असा होता. घटस्थापनेच्या मुहूर्तावर केंद्राचं काम कसबा पेठेतल्या जुन्या ऑफिसातल्या सर्व्हरवरून वाघोलीच्या नव्या सर्व्हरवर आलं. त्या दिवसापासून रुपालीने मुलींच्या जेवढ्या नोंदी केल्या, त्यातली एकही आता सापडत नव्हती. काल एका मुलीचे वडील चौकशीला आले. त्यांच्या मुलीचा क्रमांक घातला तर पडद्यावर सांगलीचा एक मिशीवाला इंजिनिअर उगवला.

"वडील माझ्यासमोर लालबुंद झाले," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्यात त्यांना हडपसरच्या दुसऱ्या केंद्रातून फोन गेलाय म्हणे. त्यांना मुलीची माहिती कुठून मिळाली? हिने नोंदी इथून पुसल्या आणि तिकडे दिल्या. सरळ आहे. दसऱ्याच्या दुपारपर्यंत माफीनाम्यावर सही आली नाही तर मी तक्रार देणार, आणि हिच्याकडे नोंदणी केलेल्या सगळ्या घरांना पत्र पाठवणार. हिच्या फोटोसकट."

त्या सगळ्या घरांना. म्हणजे रुपालीच्या ओळखीने आलेली, तिच्याच भागातली घरं, तिच्या गावाशेजारची गावं. नोकरी गेली तर दुसरी मिळते. पण मुलींचे फोटो विकणारी मुलगी, असा शिक्का एकदा बसला की तो मरेपर्यंत पुसत नाही. रुपालीला ते पक्कं ठाऊक होतं, तरी ती सही करत नव्हती.

मी कागद उचलला. 'मी ............... कबूल करते की माझ्यामुळे केंद्राच्या नोंदी नाहीशा झाल्या आणि केंद्राच्या नावाला बट्टा लागला. याबद्दल मी जाहीर माफी मागते.'

"नावाची जागा रिकामी का?"

"हिचं आडनाव पटकन आठवेना," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

तीन वर्षं! मी कागद खाली ठेवला आणि ठरवलं, आज फुकट काम करायचं.

दोन

सर्व्हर हलवणं म्हणजे नुसतं यंत्र उचलून दुसरीकडे ठेवणं नव्हे. प्रत्येक टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये एक छोटी फाइल असते, तिच्यात सर्व्हरचा पत्ता असतो. सर्व्हरचं घर बदललं की प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जाऊन तो पत्ता बदलावा लागतो. एखादा राहिला की कटकटी सुरू होतात.

"मी सगळे बदललेत," सलिल म्हणाला. "घटस्थापनेलाच. एव्हरी सिंगल मशीन. एक मिनिटसुद्धा काम थांबलं नाही, मॅडम. झीरो डाउनटाइम."

"आणि जुना सर्व्हर?"

"त्याच दिवशी बंद केला. डेड आहे तो. दसऱ्याला जाऊन घेऊन येईन, फॉरमॅट मारून भंगारात देईन."

"दसऱ्याला का? इतके दिवस का नाही आणला?"

"श्रीधरकाका तिथे बसलेत ना," तो हसला. "त्यांना विचारा."

श्रीधरपंत म्हणजे कसबा पेठेच्या ऑफिसचे जुने व्यवस्थापक. ऑफिस वाघोलीला हलवायला त्यांचा कडवा विरोध होता. सगळी टेबलं, सगळे कॉम्प्युटर वाघोलीला गेले, पंत गेले नाहीत. एका फोनपाशी एकटेच बसून असतात.

"त्यांनी तर काही केलं नसेल?" मी मुद्दाम विचारलं.

"त्यांना माउस धरता येत नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पण मनातून त्यांना हे ऑफिस बंद पडलेलं हवंच आहे."

मी हडपसरच्या फोनचा निकाल आधी लावला. काल येऊन गेलेल्या वडिलांना फोन केला. "अहो बाई," ते म्हणाले, "मी पाच ठिकाणी नाव घातलंय मुलीचं. हडपसरला तर तुमच्या आधी." झालं! पोरीचं लग्न जमवायला निघालेला बाप एका केंद्रात नाव घालून घरी निजतो, असं फक्त केंद्र चालवणाऱ्यांनाच वाटत असावं.

"म्हणजे माहिती विकली नाही असं म्हणा," मंदाकिनीबाई रुक्षपणे म्हणाल्या. "पण नोंदी कुठायत? आणि हिने दिलेले क्रमांक? ते तर सगळे दुसऱ्याच लोकांचे आहेत. मनाचे क्रमांक लिहून दिलेत हिने, नोंद केलीच नाही. शिवाय मागच्या गुरुवारी दिवसभर हातावर हात ठेवून बसली होती, सगळ्यांनी पाहिलंय."

"मशीन अडकलं होतं न, जी," रुपाली म्हणाली. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"बाकी कोणाचं अडकलं नाही ते! दिवे चालू, पंखे चालू, आणि हिचंच मशीन बरं अडकलं."

रुपालीने माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. तुम्हीपण त्यांच्यातल्याच का, एवढंच ती विचारत होती.

"मला तुझी केबिन दाखव," मी म्हटलं.

तीन

मुलींच्या विभागाची केबिन कोपऱ्यात होती. दारावर मंदाकिनीबाईंच्या अक्षरातली पाटी: 'येथे उपवर मुलींचे फोटो व पत्रिका असतात. पुरुषांनी आत डोकावण्याचे कारण नाही. उत्तर मिळणार नाही.' किल्ल्या दोनच, एक रुपालीकडे असायची आणि एक मंदाकिनीबाईंकडे.

"घटस्थापनेला तू इथे होतीस?"

"नाही. आमच्या घरी घट असतात, मांजरी गावात. सुट्टी होती मला. मॅडम पण पूजेला पेठेत होत्या."

"आणि तुझी किल्ली कुठाय?"

"काल मॅडमनी घेतली. सलिल सरांना दिली. मशीन तपासायचं म्हणाले. तपासलं, अन् मग बाहेर येऊन म्हणाले की नोंदीच नाहीत. त्याआधी होत्या, ताई. परवा संध्याकाळी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या मी."

मी तिच्या कॉम्प्युटरवरची ती पत्त्याची छोटी फाइल उघडली. पत्ता बरोबर होता, वाघोलीचा. फाइल शेवटची कधी बदलली ते मात्र तिच्यावर लिहिलेलं असतं, आणि तिथे कालची तारीख होती.

बाहेर जाऊन बाकीचे कॉम्प्युटर बघितले. सगळ्यांवर घटस्थापनेची तारीख. फक्त ह्या एकावर काल.

माझ्या डोक्यात एकदम तो सांगलीचा मिशीवाला आला. प्रोग्राम मी लिहिलाय. तो प्रत्येक नोंदीला पुढचा क्रमांक देतो, मुलगा असो वा मुलगी. एकच क्रमांक दोघांना तो जन्मात देणार नाही. देईल तर एकाच तऱ्हेने. सर्व्हर दोन असतील आणि दोघेही घटस्थापनेच्या एकाच आकड्यापासून आपापलं पुढे मोजत सुटले असतील तर.

मी रुपालीच्या फाइलमध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता घातला. पेठेपासून इथवर भाड्याची टेलिफोन लाइन होती, ती अजून तोडलेली नव्हती. बटण दाबलं आणि वाट बघत बसले. रुपाली खुर्चीमागे उभी होती.

पडद्यावर आलं: सर्व्हर सापडत नाही.

"सांगितलं ना, डेड आहे," दारातून सलिलचा आवाज आला. तो पाटीखालीच उभा होता, उंबरठ्याच्या बाहेर. "उगाच टाइम वेस्ट करताय, मॅडम."

चार

मी हरले असं त्याला वाटलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मंदाकिनीबाईंच्या टेबलावरचा फोन ओढून मी पेठेत लावला.

"बोला," श्रीधरपंत म्हणाले. 'हॅलो' म्हणणं त्यांना मंजूर नाही.

"पंत, सत्यशीला बोलतेय. जुना सर्व्हर अजून तिथेच आहे का?"

"असणारच. तो भाचा आला होता पेटी उचलायला, घटस्थापनेच्या दिवशी. मी म्हटलं, त्याच टेबलावर घट बसलेत. टेबलही हलणार नाही आणि टेबलामागची तारही हलणार नाही. घट उठल्यावर काय हवं ते ने. गेला तणतणत."

तीस वर्षं कसब्याच्या ऑफिसात देवीचे घट बसतात, त्याच आतल्या खोलीत. पुढे तीच खोली सर्व्हरची झाली, पण घटांनी जागा सोडली नाही. सर्व्हर हलवायला घटस्थापनेचा मुहूर्त धरायचा आणि त्याच टेबलावर नऊ दिवस न हलणारे घट मांडायचे, हे दोन्ही एकाच घरातल्या माणसांनी करावं! आणि त्यात काही चुकतंय असं कोणालाही वाटू नये.

"मग ते यंत्र चालू आहे की बंद?"

"मला काय कळतंय त्यातलं? टीव्हीसारखा पडदा त्याने नेला. पेटी तेवढी आहे. पण काय सांगू, यंदा देवी प्रसन्न आहे हो. घटातलं धान एका बाजूला काय वाढलंय! पेटीकडच्या बाजूला वीतभर, आणि दुसऱ्या बाजूला आपलं नेहमीसारखं. नातसून म्हणते, आजोबा, ह्यांचा फोटो काढा."

मी खुर्चीत ताठ बसले.

"पंत, मागच्या गुरुवारी पेठेत वीज होती?"

"गुरुवारी? कशी असेल? दिवसभर दुरुस्तीसाठी बंद. मी नंदादीपाच्या उजेडात पेपर वाचला."

फोन ठेवून मी वर बघितलं तर सलिल ऑफिसात नव्हता. खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

पुन्हा फोन फिरवला. "पंत, सलिल तिकडे निघालाय. पेटीला हात लावू देऊ नका. त्यालाच नव्हे, कोणालाच."

"घट उठेपर्यंत," पंत शांतपणे म्हणाले, "ब्रह्मदेव आला तरी त्याला बाहेरच्या बाकावर बसवीन."

पाच

त्यांनी शब्द पाळला, इतका की मलाही बाकावर बसवलं. मी संध्याकाळी पेठेत पोचले तोवर सलिल हात हलवत परत गेला होता. पंतांनी मला खोलीच्या दारात नेलं आणि उंबऱ्यावरच थांबवलं.

"पडदा जोडून फक्त बघते, पंत. मिनिटभराचं काम."

"तो पण असंच म्हणत होता."

"अहो, एका मुलीच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

"असेल. परवा सकाळी मंदाकिनी घट उठवायला येईल. तिच्या सासूनंतर दर वर्षी तीच उठवते. मग बघा." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "मी इथेच झोपतो, ताई. कोणी येत नाही."

मला त्यांचा गळा दाबावासा वाटला आणि पायही धरावेसे वाटले. उंबऱ्यावरून मी हात लांब केला. पेटीच्या मागून येणारा गरम वारा बोटांना लागला, आणि त्याच वाऱ्यात धानाचे लांबलचक पिवळे कोंब हलत होते.

घरी जाण्याआधी मांजरीला रुपालीच्या खोलीवर गेले. सगळं समजावून सांगितलं.

"तोवर मॅडम सही मागतील," ती म्हणाली.

"मागतील. उद्या दिवसभर मागतील."

"मागू द्या. नाही देत."

सहा

दसऱ्याच्या सकाळी मी रिक्षात पडदा आणि कीबोर्ड घेऊन कसब्यात हजर झाले. रुपाली आधीच आली होती, नवी साडी नेसून, आरोपीसारखी मुळीच नाही. मंदाकिनीबाई आल्या, मागून सलिल आला. त्याच्या हातात रिकामं खोकं होतं.

आरती झाली. मंदाकिनीबाईंनी घट हलवले. सलिल लगेच पुढे झाला.

"थांब," मी म्हटलं. "मंदाकिनीबाई, पेटी उचलायच्या आधी तिच्या मागे हात धरा."

त्यांनी धरला. "गरम आहे."

"मेलेल्या यंत्राचा श्वास गरम नसतो. सलिलने तुम्हाला सांगितलं की हे घटस्थापनेलाच बंद केलं. नाही केलं. पंतांनी त्याला करू दिलं नाही आणि त्याने ते तुमच्यापासून लपवलं. नऊ दिवस हे चालू आहे. पेटीकडचं धान त्या उबेने वाढलंय."

"देवीची कृपा नव्हे तर!" पंत पुटपुटले.

"असू दे चालू," सलिल म्हणाला. "त्याने काय प्रूव्ह होतं? ह्याला कोणी कनेक्टच नव्हतं."

"एक जण होतं. गुरुवारी पेठेतली वीज गेली, तेवढा वेळ ही पेटी बंद होती, वीज आल्यावर आपोआप सुरू झाली. वाघोलीत दिवे होते, सगळे कॉम्प्युटर चालू होते. फक्त रुपालीचा अडकला. का? कारण बाकीचे वाघोलीच्या सर्व्हरशी बोलत होते आणि हिचा इथल्या पेटीशी. तिच्या कॉम्प्युटरमधला पत्ता बदललाच नव्हता."

"मी सगळे बदलले होते!"

"बाकीच्यांवर घटस्थापनेची तारीख आहे. तिच्या एकटीच्या फाइलवर ती चौकशी झाली त्या दिवसाची. तोवर तू त्या केबिनमध्ये गेलाच नव्हतास. त्या दिवशी पहिल्यांदा किल्ली मिळाली, आत गेलास, आपली चूक बघितलीस. तेव्हा बाहेर येऊन 'माझं राहिलं' एवढंच म्हणायचं होतं. तू पत्ता बदललास, इकडे येणारी वाट वाघोलीच्या टोकाला अडवलीस, आणि बाहेर येऊन सांगितलंस की नोंदी नाहीत. आज फॉरमॅट मारून सगळं पुसलं असतंस, तर पुरावाच उरला नसता."

सलिलने खोकं हळूच खाली ठेवलं.

मी पडदा जोडला. कितीही तर्क लढवला तरी डोळ्यांनी बघेपर्यंत खरं नसतं. प्रोग्राम उघडला. रुपालीने चौकशीला आलेल्या वडिलांच्या, म्हणजे त्या लालबुंद झालेल्या गृहस्थांच्या मुलीचा क्रमांक सांगितला. मी तो घातला.

मिशी आली नाही. दारव्ह्याची एक मुलगी आली, बी.एस्सी., चष्मा, नाकीडोळी नीटस. तिच्या मागोमाग सगळ्या आल्या. एकही हरवली नव्हती.

रुपाली पडद्याकडे बघत राहिली आणि आत्तापर्यंत न रडलेली ती मुलगी पदर तोंडाला लावून रडली. मी तिला रडू दिलं.

मंदाकिनीबाई आपट्याची पानं घेऊन पुढे आल्या. "सोनं घे गं. झालं गेलं विसर. सलिलचं मी बघते. तू उद्यापासून ये."

रुपालीने डोळे पुसले. पानं घेतली नाहीत. पर्समधून तोच माफीनाम्याचा घडी घातलेला कागद काढून टेबलावर, घटाच्या जागी, उलगडला.

"सही करा, मॅडम."

"मी? चूक सलिलची आहे!"

"खोटं त्यांचं आहे. पण माझ्या मशीनचा पत्ता त्यांनी घटस्थापनेला का नाही बदलला, ते विचारा न." तिने सलिलकडे बघितलं. "सांगा, सर."

सलिल जमिनीकडे बघत म्हणाला, "केबिनला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी ही आत होती. मावशी, तूच म्हणतेस ना, पुरुषांनी त्या दाराशी फिरकायचं नाही. मागच्या वर्षी पंखा दुरुस्त करायला गेलो तर चार लोकांत बोललीस. म्हटलं, नंतर बघू. मग राहिलंच."

"पाटी तुमची," रुपाली म्हणाली. "अन् मला न विचारता आळ घेतला, तो पण तुमचाच. कागदावर तेच तर लिहिलंय. माझ्यामुळे नोंदी नाहीशा झाल्या. नावाची जागा रिकामी आहे, जी. तुमचं आडनाव तुम्हाला आठवत असेल."

मी जन्मात एवढं सुंदर काही ऐकलं नाही.

मंदाकिनीबाई लाल झाल्या, मग पांढऱ्या. पंतांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि पुढे धरलं. बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा पडद्यावरच्या मुलींकडे पाहिलं. मग खाली वाकून, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

"हा वाघोलीला बोर्डावर लागेल," रुपाली म्हणाली. "एक महिना. मग मी उद्यापासून येते. अन् किल्ली माझी मला परत."

किल्ली मिळाली. आपट्याची पानंही तिने तेव्हा घेतली, आणि वाकून नमस्कार केला, कारण सण होता.

श्रीधरपंतांनी घटातले कोंब उपटायला घेतले. दसऱ्याला ते पुरुषांनी टोपीत खोवायचे, बायकांनी केसांत. वीतभर वाढलेल्या बाजूचा सगळ्यात लांब कोंब त्यांनी निवडला, त्याची माती झटकली आणि रुपालीच्या हातात दिला.

"देवीची कृपा नाही म्हणतात," ते म्हणाले. "तरी घाल."

तिने तो अंबाड्यात खोवला आणि कागद घेऊन वाघोलीची बस पकडायला निघाली.